समान मया व अलफ

शाहू महाराजांचा साताऱ्यात राज्याभिषेक झाला तो १२ जानेवारी १७०८ रोजी. त्या दिवसांत दरबारातून निघणाऱ्या कागदावर सन घालायचा तर कारकून लिहिणार ‘समान मया व अलफ’. समान म्हणजे आठ, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. मधला ‘व’ नुसता जोडायला. बेरीज ११०८. तीत ६०० मिळवले की १७०८. मोडी वाचणाऱ्याला हा हिशेब तोंडपाठ असतो. पण पाचशे कागद समोर पडले की त्याचाही हात थकतो, आणि त्याला सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा थोडीफार येत असेल तर एक दिवस तो फंक्शन लिहायला बसतो: इकडून ‘समान मया व अलफ’ ही अक्षरं आत घालायची, तिकडून इसवी सन बाहेर यायला हवा.

तासाभराचं काम वाटतं. तसं ते नाही, आणि का नाही हे शोधत गेलं की माणूस सातारा, मिरज, कोल्हापूर असा फिरत पार कोकणातल्या एका सोळाव्या शतकातल्या ज्योतिषापर्यंत पोचतो. हा मागोवा त्या फंक्शनचा.

आधी सोपा भाग. दरबारी कागदावरचा हा सन म्हणजे शुहूर सन. त्याचे आकडे अरबी शब्दांत लिहिले जात आणि तेही एकंपासून उलटे. इहिदे, इसने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा हे एक ते नऊ. अशर दहा, अशरीन वीस, मग सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन. मया शंभर, मयातैन दोनशे, अलफ हजार. गुणाकार कुठंच नाही, फक्त बेरीज. त्यामुळे शब्द कोणत्या क्रमानं आले याची फिकीर नको. पानिपतचा सन ‘इहिदे सितैन मया व अलफ’: एक, साठ, शंभर, हजार. ११६१. प्रोग्रॅमरला याहून सोयीचं व्याकरण मिळणार नाही.

आणि इथंच पहिला दगा होतो. शब्द ओळखायचा म्हणजे यादीतल्या एकेका शब्दाशी ताडून पाहायचा. घाईत माणूस पहिली काही अक्षरं जुळली की शब्द मिळाला असं धरतो. मग ‘समानीन’ आला तरी फंक्शनला आधी ‘समान’ सापडतो आणि ऐंशीचे आठ होतात. सलास-सलासीन, खमस-खमसैन, अशर-अशरीन, मया-मयातैन, सगळ्या जोड्यांत हाच सापळा. उपाय जुनाच आहे, लांब शब्द आधी तपासायचा. पण या चुकीचं वाईट असं की ती आरडाओरडा करत नाही. उत्तर येतं, सन वाटावा असाच सन येतो, फक्त बहात्तर वर्षं मागचा. १७८५ चं पत्र १७१३ मध्ये जाऊन बसतं, आणि सवाई माधवरावाच्या कारकिर्दीतला मजकूर बाळाजी विश्वनाथाच्या खाती जमा होतो.

शिवाय सी भाषेला अक्षर कळत नाही, बाइट कळतो. भाषा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल लॅबमध्ये घडवली तेव्हा एक अक्षर म्हणजे एक बाइट हे गृहीतच होतं. आज आपण देवनागरी साठवतो ती यूटीएफ-८ मध्ये, आणि तिथं देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना-वेलांटीसुद्धा वेगळं चिन्ह. त्यामुळे ‘समान’ या तीन अक्षरी शब्दाची लांबी सीचं स्ट्रलेन हे फंक्शन बारा सांगतं. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली. तिचं एकेक चिन्ह चार बाइटांचं. कारकुनाच्या हातची वेगवेगळी शुद्धलेखनं (सीत की सित, इहिदे की इहदे) यात आणखी भर घालतात. यादी शब्दांची न राहता रूपांची होते.

आता हे ६०० कुठून आले? दख्खनेत शुहूर सन मुहम्मद तुघलकाच्या काळात, इसवी १३४४ मध्ये सुरू झाला असं मानतात. तेव्हा हिजरी सन चालू होता ७४५. हिजरी वर्ष चांद्र, ३५४ दिवसांचं. शेतसारा गोळा करायला ते निरुपयोगी, कारण सुगी काही चंद्राबरोबर फिरत नाही. म्हणून हिजरीचा त्या वर्षीचा आकडा घेतला आणि तिथून पुढं वर्ष सौर धरलं, मृग नक्षत्रापासून मोजायचं. म्हणून त्याला मृगसाल असंही नाव पडलं. १३४४ उणे ७४५ म्हणजे ५९९. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. शाहूंचा राज्याभिषेक जानेवारीतला, म्हणून ६००.

फंक्शनमध्ये इथं एक अट पडते: तारीख मृगाच्या आधीची की नंतरची. नवखा माणूस ७ जून लिहून मोकळा होतो, कारण आजच्या कॅलेंडरात मृग ७-८ जूनला लागतो. पण मृग सूर्याच्या नक्षत्रप्रवेशावर ठरतो आणि इंग्रजी तारखांच्या हिशेबात हळूहळू पुढं सरकतो. शिवाय शाहूंच्या वेळी इंग्रज वापरत ते कॅलेंडरच दुसरं होतं. त्या हिशेबानं मृग मेच्या अखेरच्या आठवड्यात यायचा. म्हणजे एक आकडा लिहून भागत नाही. कोणत्या शतकातला मृग, असं विचारावं लागतं.

सनाच्या आधी तारीख. मराठी कागदात ती ‘छ’ या अक्षरानं सुरू होते. छ म्हणजे चंद्र, म्हणजे मुसलमानी चांद्र महिन्यातली तारीख, आणि पुढं महिना: मोहरम, सफर, रबिलावल, रबिलाखर, जमादिलावल, जमादिलाखर, रजब, साबान, रमजान, सवाल, जिलकाद, जिल्हेज. वर्ष सौर, महिने चांद्र. ही खिचडी कारभाराला कधी अडली नाही. ती अडते ती मागून वाचणाऱ्याला.

छ हे अक्षर मोठ्या कामाचं आहे, कारण मोडीत शब्द तुटत नाहीत. कारकून आधी आडवी रेघ मारून घेई आणि मग टाक शक्यतो न उचलता त्या रेघेखाली अक्षरं टांगत जाई. दोन शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्ह नाही. सीमध्ये आज्ञा फोडायची म्हणजे मजकुराचे तुकडे करायचे. त्यासाठी स्ट्रटोक नावाचं फंक्शन आहे आणि त्याला विचारावं लागतं की तुकडा कुठं पाडू, मोकळ्या जागेवर की स्वल्पविरामावर? मोडीत दोन्ही नाहीत. तरीही हुकूम वाचला जाई आणि चुकत नसे. कारण तुकडे पाडण्याचं काम ठरलेले शब्द करत. सुरुवातीचा मायना, ‘मौजे’, ‘कसबे’, ‘परगणे’ यांच्यापाठोपाठ येणारी गावं, मग तारखेचं छ, ‘जाणिजे’, शेवटी ‘मोर्तब सूद’. कोणी, कोणाला, कुठल्या गावाबद्दल, केव्हा, ही चार खणं नेहमी त्याच क्रमानं भरलेली. युनिक्स या संगणकप्रणालीच्या आज्ञा अशाच वाचल्या जातात: पहिला शब्द काय करायचं ते सांगतो, पुढचे शब्द कशावर आणि कसं ते. फरक इतकाच की युनिक्सनं मोकळ्या जागेला पवित्र मानलं आणि मोडीनं ठरावीक शब्दांना.

मजकूर संपल्यावर मर्यादेची मुद्रा उठवत. तिच्या खाली कुणी दोन ओळी घुसडल्या तर त्या खोट्या, हे कुणालाही कळावं म्हणून. सीमध्ये मजकूर कुठं संपतो ते सांगायला एक शून्य बाइट असतो. तो पुसला गेला किंवा त्यापलीकडं कुणी लिहिलं, तर सी काहीच म्हणत नाही. वाचलेली ओळ किती लांब आहे हे न पाहता साठवणारं गेट्स नावाचं फंक्शन याच कारणानं बदनाम झालं आणि २०११ च्या सी प्रमाणकातून कायमचं काढून टाकलं गेलं. सातारच्या दफ्तरखान्यात ते पहिल्या दिवशीच नापास झालं असतं.

तारखा लावण्याचं हे काम संगणकाच्या आधी सांगली जिल्ह्यातच कुणी करून ठेवलं असेल तर ते मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी. मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या या गृहस्थांच्या हाती पटवर्धनांचं दप्तर आलं आणि १८९७ पासून त्यांनी त्यातली निवडक पत्रं ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ म्हणून छापायला सुरुवात केली. खऱ्यांची पत्रं वाचताना आपण मजकुरात रमतो. खरा घाम गाळलेला असतो तो पत्रं क्रमानं लावण्यात. अर्ध्या पत्रांत सन नसतोच, नुसतं छ आणि महिना. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला सन माहीत होता, लिहायचा कशाला?

त्यांच्या पिढीच्या हाताशी जंत्री होती. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात विज्ञान शिकवणारे बाळाजी प्रभाकर मोडक यांनी १७२८ ते १८८९ या काळाची जंत्री तयार केली. शक, तिथी, मुसलमानी तारीख, सन आणि इंग्रजी तारीख, सगळं समोरासमोर. शिवकाळासाठी पुढं खरे जंत्री आली, ती दुसऱ्या खऱ्यांची. रॉबर्ट सेवेल आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा भारतीय कालगणनेवरचा इंग्रजी ग्रंथ १८९६ चा. दीक्षितांचं ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ही त्याच वर्षाचं. मोडकांची जंत्री चाळताना मला नेहमी वाटतं की ही माणसं आज असती तर यांनी सूत्र लिहिलं नसतं, कोष्टकच लिहिलं असतं, आणि ते बरोबर ठरलं असतं. सीमध्ये चांद्र महिना सूत्रानं काढता येतो, पण ते सूत्र सरासरीचं. प्रत्यक्षात महिना चंद्र दिसल्यावर लागे, आणि श्रावण-भाद्रपदात साताऱ्याच्या आभाळात चंद्र दिसणं ही काही रोजची गोष्ट नव्हे. सूत्र आणि कागद यांच्यात एका दिवसाचा फरक पडला तर चूक कागदाची नसते.

आता इंग्रजी तारखेकडं येऊ, जी आपण सगळ्यांत पक्की समजतो. प्रतापगड सातारा जिल्ह्यात. अफजलखानाचा वध मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, शके १५८१, गुरुवार. इंग्रजी तारीख पुस्तकात सापडते १० नोव्हेंबर १६५९. ही तारीख सीच्या मेकटाइम फंक्शनला द्या. ते वर्ष १९०० पासून मोजतं म्हणून वर्ष उणे २४१, महिने शून्यापासून मोजतं म्हणून नोव्हेंबर दहावा, दिवस दहा. उत्तर येतं सोमवार. त्याच संगणकावर युनिक्सची कॅल ही आज्ञा देऊन नोव्हेंबर १६५९ चं पान काढा. तिथं दहा तारखेला गुरुवार असतो. एकाच यंत्रातल्या दोन वस्तू एकमेकींशी भांडतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात.

इंग्लंडनं जुनं ज्युलियन कॅलेंडर सोडलं ते सप्टेंबर १७५२ मध्ये. बुधवार २ तारखेनंतर थेट गुरुवार १४ आला. कॅलला सप्टेंबर १७५२ चं पान मागितलं तर मधले अकरा दिवस खरंच गायब दिसतात. युनिक्स वापरणाऱ्यांची ही जुनी गंमत आहे. मेकटाइमला मात्र हे माहीत नाही, ते आजचंच कॅलेंडर मागं मागं ताणत नेतं. शिवकाळातल्या आपल्या इंग्रजी तारखा इंग्रजांच्या त्या जुन्या हिशेबातल्या. १९ फेब्रुवारी १६३० ही २००१ मध्ये सरकारनं स्वीकारलेली शिवजन्माची तारीखसुद्धा जुन्या हिशेबाची. आजच्या कॅलेंडरनं तो दिवस १ मार्च. वार मात्र दोन्हीकडं शुक्रवारच, कारण वार कुणीही बदलला नाही. पोर्तुगिजांनी नवं कॅलेंडर १५८२ मध्येच घेतलं होतं, त्यामुळे एकाच घटनेची गोव्याची तारीख आणि राजापूरच्या इंग्रज वखारीची तारीख यांत शिवकाळात दहा दिवसांचं अंतर पडतं. फंक्शनला म्हणून आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: ही तारीख कुणी लिहिली?

या सगळ्यातून सुटायचा रस्ता एकच: महिने, सन, तारखा बाजूला ठेवून नुसते दिवस मोजायचे. एका ठरलेल्या दिवसापासून आजपर्यंत किती दिवस झाले? दोन्ही बाजूंची कॅलेंडरं त्या आकड्यात बदलायची आणि त्यातूनच परत फिरायचं. युरोपात स्कॅलिजरनं १५८३ मध्ये मांडलेल्या ज्युलियन कालचक्रावर पुढं यासाठी ज्युलियन दिवसांची मोजणी उभी राहिली. १९६८ मध्ये फ्लीगेल आणि व्हॅन फ्लँडर्न यांनी तारखेवरून तो आकडा काढणारं, फक्त पूर्णांकी भागाकारांचं, एका ओळीचं सूत्र छापलं. आजही ते कुठल्या ना कुठल्या सी प्रोग्रॅममध्ये तसंच्या तसं उतरवलेलं सापडतं.

पण आपल्याकडं हाच आकडा अहर्गण म्हणून हजार वर्षांहून जास्त वापरात होता. कलियुगाच्या आरंभापासून मोजलेले दिवस. प्रतापगडच्या त्या गुरुवारी अहर्गण सतरा लाख अडतीस हजारांच्या वर भरतो. इतक्या मोठ्या आकड्यानं ग्रहांची गती गुणायची तर पाटीवर चुका होणारच. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ लिहिताना यावर जो उपाय काढला तो वाचून आजही मान डोलावी लागते. शकातून १४४२ वजा करा, अकरानं भागा. भागाकार ते ‘चक्र’, आणि दिवस मोजायचे फक्त चालू चक्रातले. एक चक्र ४०१६ दिवसांचं. प्रत्येक चक्रामागं ग्रहाच्या स्थानात ठरावीक दुरुस्ती. शके १५८१ साठी १३९ ला अकरानं भागलं की बारा चक्रं पुरी आणि सात वर्षं उरतात. आकडा कधी चार-साडेचार हजारांच्या वर जातच नाही. महाराष्ट्रातले पंचांगकर्ते या एका ग्रंथावर तीनशेहून जास्त वर्षं जगले.

युनिक्सला हीच अडचण आली आणि त्यानं ती जरा गबाळेपणानं सोडवली. पहिल्या युनिक्सनं १ जानेवारी १९७१ पासून सेकंदाचे साठावे भाग मोजायला घेतले. ३२ बिटांच्या आकड्यात ते अडीच वर्षंही पुरत नाहीत. ८२९ व्या दिवशी भांडं भरतं. मग पूर्ण सेकंद मोजायला लागले, आरंभ १ जानेवारी १९७० वर आणला आणि टाइम-टी नावाचा प्रकार रूढ झाला. चिन्हासकट ३२ बिटांत दोन्ही बाजूंना २१४ कोटी सेकंद मावतात, म्हणजे डिसेंबर १९०१ ते १९ जानेवारी २०३८. प्रतापगडचा दिवस त्या आरंभाच्या १,१३,२६७ दिवस मागं. सेकंदांत ९७८ कोटींच्या वर. म्हणजे ३२ बिटांच्या संगणकासाठी अख्खी मराठेशाही झालीच नाही! ६४ बिट आल्यावर ती परत आली.

तासांचा हिशेब आणखी मजेशीर. अहोरात्राच्या साठ घटका, घटकेची साठ पळं. घटका चोवीस मिनिटांची, पळ चोवीस सेकंदांचं. तांब्याची भोकाची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की घटका झाली. सीमध्ये एक ओळ पुरते: घटका गुणिले १४४० अधिक पळे गुणिले २४. जेधे शकावलीत (ती लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली) शिवजन्माच्या दिवशी हस्त नक्षत्रापुढं घटी १८, पळे ३१ असे आकडे आहेत. म्हणजे सात तास, चोवीस मिनिटं, चोवीस सेकंद. पण कधीपासून? सूर्योदयापासून. आणि सूर्य प्रत्येक गावात वेगळ्या वेळी उगवतो.

सातारा ७४ रेखांशावर, सांगली त्याच्या पूर्वेला जवळपास ३४ कलांवर. सांगलीचा मध्यान्ह साताऱ्याच्या मध्यान्हाआधी सुमारे सव्वादोन मिनिटं येतो. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची. घड्याळात बारा वाजतात तेव्हा साताऱ्याच्या माध्य सूर्याला डोक्यावर यायला अजून ३४ मिनिटं असतात, सांगलीत ३२. रेल्वे आली तेव्हा ती मद्रासची वेळ घेऊन आली. सदर्न मराठा रेल्वेच्या पुणे-मिरज मार्गावर सातारा रोड स्टेशनातलं घड्याळ गावच्या उन्हाच्या पंचवीस मिनिटं पुढं चालत असणार. १९०६ च्या १ जानेवारीला आजची प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईनं मात्र आपली वेगळी वेळ पुढं जवळजवळ पन्नास वर्षं टिकवली.

अमेरिकेत आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात जगभरच्या अशा बदलांची एक यादी जमवायला घेतली. सीचं लोकलटाइम फंक्शन आज बहुतेक संगणकांवर हीच यादी वाचतं. तिच्यात भारताची नोंद कोलकात्याच्या नावानं आहे आणि दुसऱ्या महायुद्धातली एक गोष्टही आहे, जी इकडं फारशी कुणाच्या लक्षात नसते: सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ भारताची घड्याळं तासभर पुढं होती. याच काळात साताऱ्यात प्रतिसरकार चालू होतं. ७ जून १९४३ ला त्याच्या तुफान सेनेनं शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली. त्या दिवशीची कुठलीही वेळ फंक्शनला बदलायला दिली तर ते ग्रिनिचशी अंतर साडेसहा तास धरतं. आणि ते बरोबर आहे. त्या दिवशी सरकारी घड्याळ शेणोलीच्या सूर्यापुढं दीड तासाहून जास्त होतं. हे न जाणणारा इतिहासकार पोलिसांच्या कागदातली ‘दुपार’ आणि गावकऱ्याच्या आठवणीतली ‘दुपार’ जुळवत बसेल.

पंचांगाची वेळही एकच नव्हती. १९२० मध्ये सांगलीत ज्योतिष संमेलन भरलं त्यामागंही गणिताची शुद्धी हाच वाद. राशिचक्राचा आरंभ रेवतीवरून धरायचा की चित्रेवरून, यात चार अंशांचा फरक पडतो. टिळक पंचांग रेवतीच्या बाजूचं. त्यामुळे क्वचित एखाद्या वर्षी अधिकमासच वेगळा येतो आणि दोन घरांची दिवाळी महिन्याच्या अंतरानं होते. फंक्शनला हेही विचारावं लागेल, पण ते प्रकरण इथं उघडत नाही.

सांगलीच्या वालचंद कॉलेजात किंवा कराडच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात ज्या पिढ्या सी शिकल्या त्यांच्यासमोर टर्बो सीचा निळा पडदा असायचा आणि शेजारी बहुधा नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’. त्या टर्बो सीला वेळेचा प्रदेश सांगितला नाही तर तो निमूट न्यूयॉर्कचा धरत असे. स्थानिक वेळ बरोबर दिसायची, कारण जितके तास मिळवले तितकेच पुन्हा वजा होत. पण ग्रिनिचची वेळ मागितली की सांगलीतले सकाळचे दहा हे ग्रिनिचचे दुपारचे तीन होऊन येत. खरं उत्तर पहाटेचे साडेचार. दुरुस्त करायला जावं तर तिथं फक्त पूर्ण तास लिहायची सोय. साडेपाच लिहिताच येत नव्हते. मग प्रोग्रॅममध्येच उणे १९८०० सेकंद असं हातानं घालावं लागे. अर्धा तास असलेला देश त्या कंपनीच्या हिशेबात नव्हता.

इतकं सगळं सांभाळून फंक्शन पुरं झालं, तरी एक गाठ राहते. मृगसाल ३६५ दिवसांचं, चांद्र वर्ष ३५४ चं. त्यामुळे एकाच शुहूर सनात अकरा चांद्र तारखा दोनदा येतात: एकदा मृग लागल्यावर लगेच, एकदा पुढच्या मृगाच्या तोंडावर. छ, महिना आणि सन तिन्ही स्पष्ट वाचता आले तरी उत्तरं दोन. सीमधलं फंक्शन एकच किंमत परत देतं. मेकटाइमची खोडही अशीच आहे: वेळ काढता आली नाही तर ते उणे एक परत देतं, आणि उणे एक हीसुद्धा एक खरी वेळ आहे, १ जानेवारी १९७० च्या पहाटे भारतात पाच वाजून एकोणतीस मिनिटं एकोणसाठ सेकंद. म्हणून आपल्या फंक्शननं तारीख परत देऊच नये. किती तारखा सापडल्या तो आकडा परत द्यावा, शून्य, एक किंवा दोन, आणि तारखा शेजारच्या यादीत भराव्यात. दोन आल्या तर पत्र पुन्हा वाचायचं. त्यात वार असला तर प्रश्न मिटला. नसला आणि पाऊस पडल्याचं लिहिलं असेल, तर तो मृगाचा की वळवाचा, हे वाचणाऱ्यानं ठरवायचं.